सासूबाईंनी नापास केलेले व्हिडिओ

मला फिट येतात. त्यात लाजायचं काय? पण शुद्ध नसताना लोक आपलं काय करतात, याची मात्र मला कायम धास्ती असायची. गेल्या वर्षी शुद्धीवर आले तर तोंडात रक्त आणि पुढचा दात अर्धा तुटलेला. सासूबाईंनी दातांमध्ये चमचा घातला होता.

"अगं, व्हिडिओत तसंच दाखवलंय! जीभ गिळली असतीस म्हणजे?"

माझं डोकंच फिरलं. व्हिडिओ उघडून बघितला. मागे बासरी, पुढे गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला एक गृहस्थ. डॉक्टर होता की भाड्याने आणलेला, देव जाणे. वर बाईसाहेबांनी तो सोसायटीच्या महिलांच्या ग्रुपवरही टाकलेला!

पुढच्या तपासणीला मी त्यांना कल्याणला सोबतच नेलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. कागदावर लिहून दिलं : तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेलं तर ॲम्ब्युलन्स. "हे ज्यात नाही तो व्हिडिओ नापास," त्या म्हणाल्या.

नापास म्हटल्यावर सासूबाई सरसावून बसल्या. डोंबिवलीच्या शाळेत त्यांचा जन्म पेपर तपासण्यात गेलेला. रोज दुपारी चष्मा, वही, लाल पेन आणि मोबाइल. "कांदा हुंगवतोय मेला! दहापैकी शून्य." "हिला दोन, बोलणं स्पष्ट आहे म्हणून." आठवड्याभरात फक्त तीन व्हिडिओ पास झाले. ते त्यांनी ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, "आधीचा मी पाठवलेला चुकीचा होता. त्यामुळे माझ्या सुनेचा दात तुटला. पुसून टाका." आयुष्यात पहिल्यांदा बाई चूक कबूल करत होती, तीही चाळीस बायकांसमोर!

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. सोसायटीच्या हॉलमध्ये मी उखाणा घ्यायला उभी राहिले आणि तिथेच कोसळले. शेजारीण उखाण्यांचं शूटिंग करत होती, ती घाबरली आणि मोबाइल तसाच चालू राहिला. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारून तो व्हिडिओ पाठवला.

धीर करून बघितला. कुणीतरी चप्पल आणतंय, कुणी पाय दाबायला वाकतंय. तेवढ्यात सासूबाईंचा वर्गातला आवाज : "हात लावायचा नाही! मागे व्हा सगळ्या!" दुखऱ्या गुडघ्यांनी त्या फतकल मारून बसल्या, शालीची घडी माझ्या डोक्याखाली सरकवली, नजर मनगटावर. झटके थांबताच मला कुशीवर वळवलं, माझा विस्कटलेला पदर सारखा केला. "दोन मिनिटं झाली फक्त. पाणी नको अजून," त्यांनी बायकांना सांगितलं. काय रुबाब होता बाईचा! मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग त्या माझ्या कानाशी वाकल्या. "सावकाश ये गं बाळा. मी आहे इथे."

तेव्हा मला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. आता ऐकलं.