आक्कांच्या डोक्याच्या गोळ्या

घोडेगावला माझं औषधांचं दुकान होतं. डोक्याच्या गोळ्या न्यायला आलेलं माणूस मला पायरीवरच ओळखू यायचं. आधी समोरच्या टपरीशी रेंगाळणार, दुकान रिकामं झालं की आत येणार, चिठ्ठीची घडी न उलगडताच ती पुढे सरकवणार आणि म्हणणार, "जरा पेपरात गुंडाळून द्या." आक्कांचं सगळं उलटं. बाजारचा दिवस, काउंटरवर आठ-दहा माणसं, आणि ह्या पायरीवरूनच हाळी देणार, "भाऊ, माझ्या डोक्याच्या गोळ्या काढा हो!"

माणसं वळून बघायची. मलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "आक्का, जरा हळू," असं म्हटलं की त्यांचा आवाज आणखी चढायचा. "का? चोरी केली का काय मी? डोकं माझं, गोळ्या माझ्या." मग गोळ्या पिशवीच्या तळाशी जायच्या, वर मेथीची जुडी बसायची, आणि डिंभ्याची एसटी कधी आहे ते त्या मलाच विचारायच्या. ती एसटी कधी येईल हे तिच्या ड्रायव्हरलाही ठाऊक नसायचं.

आक्का डिंभ्याच्या. ठेंगण्या, काटक, चालताना पुढे झुकणाऱ्या. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत गेला, मूल नाही, म्हणून धाकट्या भावाकडे येऊन राहिलेल्या. भावाचं नाव रघुनाथ. तो धरणावर नोकरीला होता. सकाळ-संध्याकाळ पाण्याची पातळी बघायची, वहीत लिहायची आणि वायरलेसवरून वर कळवायची, हे त्याचं काम. आईबाप लवकर गेलेले. आक्कांनीच त्याला शिकवलं, नोकरीला लावलं. त्या काळात कायम नोकरी लागली म्हणजे घराण्याचं भाग्य उजळलं, आता फक्त लग्न तेवढं राहिलं होतं.

ह्या गोळ्या आक्कांच्या नाहीत हे मला पहिल्याच दिवशी कळलं. पुण्याहून डोक्याचे एक डॉक्टर महिन्यातून एकदा मंचरला यायचे. त्यांची चिठ्ठी आक्कांनी माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, "भाऊ, ही चहात विरघळती का? चव लागंल का?" मी म्हटलं, पाण्याबरोबर घ्या की. तर म्हणाल्या, "पुरुषमाणसाला चालती ना?"

मी हातातली स्ट्रिप खाली ठेवली. दुकानात कोणी नव्हतं. आक्का स्टुलावर बसल्या आणि भडाभडा बोलल्या. चार महिन्यांपासून रघुनाथ म्हणत होता की वायरलेसवर सगळे आपलंच नाव घेतात. साहेब लोक आपल्यावर पाळत ठेवतात. जेवणात काहीतरी घालतात, म्हणून जेवण बंद. खिडक्यांना पोती बांधली. भगत झाला, अंगारे झाले. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणाला, "मला काय झालंय? तूच जा." तर ह्या गेल्या! रांगेतल्या बायांनी सांगितलं होतं की पेशंट समोर बसल्याशिवाय हे डॉक्टर औषध लिहीत नाहीत. म्हणून भावाचं सगळं दुखणं आक्कांनी आपलं म्हणून सांगितलं. मला आवाज येतात, मला झोप नाही, माझ्यावर पाळत आहे. डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्या घरी वायरलेस आहे?" आक्का म्हणाल्या, "शेजारी हाय."

मला हसूही आलं आणि रागही आला. "आक्का, हा काय पोरखेळ आहे? डॉक्टरांना खरं सांगा," मी म्हटलं. तर म्हणाल्या, "त्याच्या नावाचा कागद झाला तर हापिसात कळंल. नोकरी जाईल. पोरगी कोन देईल त्याला? माझ्या नावाला काय व्हतंय? मला काय लगीन करायचंय?" आणि माझा हात धरून त्यांनी मला शपथ घातली, की रघुनाथला आणि कोणालाच हे सांगायचं नाही. मी गोळ्या दिल्या. कुटून घातली तर चव लागत नाही, हेही मीच सांगितलं. चूक केली, आणि ती माझीच, हे मी आजही कबूल करतो.

भर दुकानातली ती हाळी पुढच्या महिन्यापासून सुरू झाली, आणि ती कशासाठी हे मला लगेच उमगलं. गोळ्या आपल्या आहेत हे सगळ्या तालुक्याला कळलं पाहिजे, एवढ्यासाठी ती होती.

गुण आला. जेवणाला हात न लावणारा रघुनाथ आक्कांच्या हातचा चहा मात्र पीत होता. दोन महिन्यांत खिडक्यांची पोती सुटली. तो कामावर नीट जाऊ लागला. आणि आपण पहाटे धरणाच्या भिंतीवरून फिरतो त्यानं बरे झालो, असं लोकांना सांगू लागला. आक्का हे सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. "मला म्हनतो, आक्का, तू बी फिरत जा, तुझं बी डोकं थंड व्हईल!" बहिणीची फाईल तोच प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवायचा. कामावर निघताना रोज बजावायचा, "आक्का, गोळी घेतली का?" आणि ह्या चहाचा कप त्याच्या हातात देत म्हणायच्या, "घेतली रं बाबा."

दर महिन्याला डॉक्टरांपुढे बसायचं तर भावावर बारीक नजर हवी. आक्का त्याचं चालणं बघायच्या, झोप बघायच्या, गोळीच्या त्रासानं कप धरताना बोटं कापतात का ते बघायच्या, आणि मंचरला जाऊन सांगायच्या, "माझा हात कापतो." डॉक्टरांनी एकदा त्यांना हात पुढे करायला लावला. हात अगदी स्थिर. डॉक्टरांनी हाताकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं आणि गोळी कमी केली. त्यांना संशय आला असेल का? मला वाटतं, आला असावा. पण बाहेर अंगणभर माणसं बसलेली. आणि मनाच्या दुखण्याला ना एक्स-रे, ना रक्ताची तपासणी. समोरचं माणूस बोलतं त्यावरच सगळं ठरवायचं. समोरचं माणूसच दुसऱ्याचं दुखणं घेऊन बसलं असेल तर डॉक्टरनं काय करावं!

पण नाव व्हायचं ते झालंच. डिंभ्यात आक्का 'डोक्याच्या' ठरल्या. हळदीकुंकवाला तसंही विधवेला कोण बोलावतं, पण आता बारशालाही कोणी बोलवीना. तान्हं पोर कोणी त्यांच्या मांडीवर देईना. पाणवठ्यावर बाया बोलता बोलता गप्प व्हायच्या. एसटीत शेजारची जागा रिकामी राहायची, माणसं उभ्यानं घोडेगावपर्यंत यायची पण तिथं बसायची नाहीत. मी हळहळलो तर म्हणाल्या, "बरं हाय की, पिशवी ठेवाया जागा मिळती." पुढं थोड्या वेळानं, उगाच गोळ्यांची स्ट्रिप उलटसुलट करत म्हणाल्या, "भाऊ, एक मात्र हाय. तुमच्याशी बोलते तेवढंच काय ते खरं बोलते मी."

आणि दैव बघा कसं! निरगुडसरची मुलगी रघुनाथला सांगून आली. मुलगा नोकरीचा, निर्व्यसनी, सगळं पसंत. सुपारी फोडायच्या आधी मुलीच्या मामानं डिंभ्यात चौकशी केली आणि निरोप धाडला, की घरात वेडसर बहीण आहे, पुढं मुलंबाळं व्हायची, आम्हाला जमणार नाही. ज्या लग्नासाठी आक्कांनी वेड अंगावर घेतलं, त्या वेडानंच लग्न मोडलं. त्या महिन्यात आक्कांनी हाळी दिली नाही. मीच म्हटलं, "आता तरी सांगून टाका." मान हलवून म्हणाल्या, "आता तर न्हाईच. त्येला वाटतंय माझ्यापायी मोडलं. वाटू द्या. स्वोताच्या डोक्यापायी मोडलं असतं असं कळलं तर लई खचंल." त्यानंतर दुसरं स्थळ आलं नाही. दोघं भाऊ-बहीण आपल्या दोन खोल्यांत राहिले.

अशी अकरा वर्षं गेली. एके दिवशी दुपारी रघुनाथ आक्कांना जीपमधून घेऊन आला. आक्का घामानं डबडबलेल्या, चेहरा राखेसारखा. पहाटेपासून छातीत जड वाटत होतं, मळमळत होतं. वाटेवरच्या एका खासगी दवाखान्यात दाखवून आले होते. तिथं डॉक्टरांनी विचारलं, आधीची काही औषधं? रघुनाथनं जपून ठेवलेली ती फाईल पुढे केली. डॉक्टरांनी दोन पानं चाळली आणि सांगितलं, घबराट आहे, अशा पेशंटना होतं असं. कार्डिओग्राम काढलाच नाही. एक इंजेक्शन दिलं आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

रघुनाथ जीपवाल्याशी बोलायला बाहेर गेला. मी काउंटरवर वाकून म्हणालो, "आक्का, हे घबराटीचं नाही. त्या फाईलमुळं डॉक्टर फसले. मी आत्ता रघुनाथला सांगतो, पुन्हा जा, नाहीतर नारायणगावला जा." त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार पडला होता. "शपथ हाय तुमाला. आकरा वर्सं निभावलं, आन एका दिवसाच्या दुखन्यासाठी मोडू व्हय? उद्या वाटंल बरं." तेवढ्यात रघुनाथ आत आला. मी गप्प बसलो आणि झोपेच्या गोळ्या काढून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का गेल्या. डिंभ्यात म्हणाले, डोक्यानं गेली बिचारी. मी, चांगला शिकलेला माणूस, औषधं विकण्यात केस पांढरे झालेले, माझ्या तोंडाला त्या दुपारी काय कुलूप लागलं होतं कोण जाणे. एका बाईची शपथ मला तिच्या जिवापेक्षा मोठी वाटली. हे मी कोणापाशी बोललेलो नाही.

तेरावा झाल्यावर रघुनाथ आला. चार स्ट्रिपा काउंटरवर ठेवून म्हणाला, "आक्काच्या उरल्यात. माघारी घ्या, कुना गरिबाला व्हतील." त्याची बोटं चुळबुळत होती, डोळे सारखे रस्त्याकडे जात होते. तेरा दिवस त्याच्या चहात काही पडलं नव्हतं. आता मात्र मी शपथ मोडली. गोळ्यांचं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "वायरलेसचं बी सांगितलं तिनं?"

"सांगितलं."

"स्वोताचं म्हनून?"

"हो."

"खोटं बोलताय तुमी. तुमी बी त्यांनाच सामील," असं ओरडून तो पायऱ्या उतरून गेला. स्ट्रिपा तिथंच राहिल्या.

महिना गेला, दोन गेले. खिडक्यांना पुन्हा पोती लागल्याचं कानावर आलं. एका रविवारी दुकान बंद ठेवून, त्या स्ट्रिपा घेऊन मी डिंभ्याला गेलो. त्यानं दार किलकिलं उघडलं, बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि आत घेतलं. घरात चूल थंड होती. मी स्टोव्ह पेटवला, चहा टाकला, आणि त्याच्या डोळ्यांसमोर गोळी कुटून त्याच्या कपात घातली. म्हटलं, "आक्का अशी करायच्या. घ्यायची तर घ्या, नाहीतर ओतून टाका." मी माझा चहा संपवला. त्यानं त्याचा कप दोन्ही हातांत धरून ठेवला होता. निघेपर्यंत तो प्यायला की नाही, मला दिसलं नाही.

त्याच्या पुढच्या महिन्यात, बाजारच्या दिवशी, काउंटरवर गर्दी होती. पायरीवरून आवाज आला. आवाज कापत होता, पण रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढा मोठा होता.

"भाऊ, माझ्या डोक्याच्या गोळ्या काढा."

माणसं वळून बघायला लागली. इतक्या वर्षांच्या सवयीनं मी म्हणून गेलो, "जरा हळू." रघुनाथनं खिशातून मंचरची चिठ्ठी काढली आणि सगळ्यांसमोर काउंटरवर उलगडून ठेवली. तिच्यावर नाव त्याचं होतं.