होरीगुचीच्या घरी राहायला आलेला देव

चूक होरीगुचीचीच होती. घरमालकीण युएजू मावशी दारात उभी राहून म्हणाली, "होरी, यंदा भूमिदेवाच्या यजमानपदाला तुझंही नाव घालू का?" आणि हा कमरेतून वाकून म्हणाला, "विचार करून बघतो." त्याच्या जपानातल्या कानाझावात एवढं ऐकलं की माणूस नकार समजतो आणि चपला घालून निघतो. तैवानमधल्या ताइनानच्या गल्लीतल्या मावशीला वाटलं, लाजतोय बिचारा. तिनं नाव घातलं.

देवाच्या वाढदिवशी गल्लीत मांडव घातला. एकेकाचं नाव पुकारायचं आणि लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकायच्या. एक उताणी, एक पालथी पडली की देवाचा होकार. ज्याला लागोपाठ सर्वांत जास्त होकार, तो वर्षाचा यजमान. देव त्याच्या घरी राहायला जातो. माशाच्या गोळ्या विकणारे थिएनफू काका सगळ्यांच्या पुढे होते आणि अभिनंदन स्वीकारायलाही लागले होते. तेवढ्यात होरीगुचीचं नाव आलं. होरीगुची मागे उभा राहून शेवया खात होता. चंद्रकोरी पडत गेल्या. होकार, पुन्हा होकार, पुन्हा होकार. टाकणाऱ्याचा हात दुखायला लागला.

"देवाला परदेशी पाहुणचाराची हौस आलीय," काका म्हणाले. ते आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

होरीगुचीच्या घशात शेवया अडकल्या, त्याला वेगळं कारण होतं. स्क्रूच्या कारखान्यात यंत्रं लावून द्यायला तो आला होता आणि मुख्य कचेरीनं त्याला नुकतंच परत बोलावलं होतं. उन्हाळ्यात कानाझावा, बढती, आईच्या हातचं जेवण. ह्याच बोलावण्याची तो आल्या दिवसापासून वाट बघत होता. गल्लीत सांगितलं नव्हतं, कारण उगाच कुणाला त्रास कशाला. आणि यजमान वर्षाच्या मध्येच देवाला सोडून जाऊ शकत नाही.

इथं आला तेव्हा त्यानं जपानी रीतीप्रमाणे प्रत्येक शेजाऱ्याला एकेक टॉवेल भेट दिला होता. आता हे लोक आपल्याला शांतपणे एकटं सोडतील, अशी त्याची समजूत होती. देव घरी आला आणि त्या समजुतीचा चुरा झाला. पहाटे उदबत्ती लावायला गल्ली हजर. कुणी पोराच्या परीक्षेसाठी, कुणी गुडघ्यासाठी, कुणी नुसताच पंख्याखाली बसायला. भाजीवाली बाई फ्रिज उघडून म्हणायची, "एकच अंडं? होरी, तू जगतोस कशावर?" त्यानं दारावर चिठ्ठी लावली, 'कृपया येण्यापूर्वी कळवावे.' संध्याकाळी तिच्याखाली कुणीतरी लिहून गेलं होतं, 'कळवायला आलो होतो. तू नव्हतास. आंबे आत ठेवलेत.' किल्ली अर्थात मावशीकडे.

शेवटी त्यानं मावशीला खरं सांगितलं. मावशी लसूण सोलत होती. हात थांबले नाहीत, पण आवाज जरा बसला.

"मला काय विचारतोस? ज्यानं तुला निवडलं, त्याला विचार."

होरीगुची देवापुढे गुडघे टेकून बसला. मागे गल्ली जमली, कारण ती जमतेच. "आपली गैरसोय होणार नसेल," तो म्हणाला, "आणि कुणाचीच हरकत नसेल, तर कदाचित, उन्हाळ्याच्या सुमारास, माझ्या बाबतीत काही..." त्यानं चंद्रकोरी टाकल्या. दोन्ही उताण्या, पाठीवर डुलत राहिलेल्या.

"देव हसतोय," भाजीवाली म्हणाली.

पुन्हा टाकल्या. देव पुन्हा हसला. तिसऱ्यांदा तर एक चंद्रकोर डुलत डुलत काकांच्या पायापर्यंत गेली.

"हसेल नाहीतर काय करील?" काका म्हणाले. "तुला हवंय काय ते त्याला कळलेलं नाही. आम्हालाही कळलेलं नाही. अरे, जायचंय की राहायचंय, एवढं तरी बोल."

आपल्याला काय हवंय ते तोंडावर सांगणं म्हणजे उद्धटपणा, हे होरीगुचीला लहानपणापासून पाठ. त्यानं कपाळ पुसलं, डोळे मिटले आणि 'मला जायचंय' म्हणायला तोंड उघडलं.

"मला राहायचंय."

हे कोण बोललं म्हणून त्यानं मागे वळून पाहिलं. सगळे त्याच्याचकडे बघत होते. त्याच्या हातून चंद्रकोरी निसटल्याच. एक उताणी, एक पालथी. तीनदा टाकल्या, तिन्ही वेळा तसंच. मावशीनं डोळे पुसले आणि लसणाचा हात लागला म्हणून आणखी पुसले.

"पण कचेरीला कोण सांगणार?" होरीगुचीनं घाबरून विचारलं.

"तूच. आत्ता बोललास तसं," मावशी म्हणाली.

त्याच भरात तो नवस बोलला: कचेरीनं ऐकलं तर देवापुढे बाहुल्यांचा खेळ करीन. मग फोन लावला आणि साहेबांना एका दमात सांगितलं, "मला इथंच ठेवा." साहेबांनी त्याच्या तब्येतीची चौकशी केली. महिनाभरानं मुक्काम वाढला. आई म्हणाली, मग मीच येते तिकडं, तुझ्या देवाला बघायला.

नवस मात्र अजून फिटलेला नाही. मावशीला जुन्या पद्धतीच्या, हातात घालून नाचवायच्या बाहुल्या हव्यात, आणि काकांना ट्रकवरचा, धूर सोडणारा, रंगीत दिव्यांचा खेळ. गल्लीत दोन तट पडलेत.

"होरी, देव वाट बघतोय," मावशी रोज म्हणते.

"मावशी, तुम्ही काकांना तयार करा ना."

"त्या माणसाला? त्याला खेळ आणि ट्रान्सफॉर्मर जळणं यातला फरक कळत नाही."

होरीगुची देवाच्या पेल्यात ताजा चहा ओततो, शेंगदाण्याच्या वड्यांची बशी बोटभर पुढे सरकवतो आणि देवाकडे सरळ बघायचं टाळतो.