दोन गोळ्या गैरहजर

आमच्या घरातलं सगळ्यात जबाबदार माणूस मी आहे, हे मीच सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

म्हणून तर लांजीच्या बाजारातून नातीसाठी खेळणं मी स्वतः निवडून आणलं. चिनू चार वर्षांची, शेजारच्या पोरांत खेळून हिंदीच बोलते. तिच्यासाठी चुंबकाच्या चकचकीत गोळ्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. एकीला एक चिकटवली की माळ होते, कडं होतं. डब्यावर बारीक अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं, पण चष्मा घरी राहिला होता.

आमचे हे तिरोडीच्या खाणीत हजेरीबाबू होते. रिटायर झाले, हजेरी सुटली नाही. खेळ संपला की रोज गोळ्यांची हजेरी! एका दुपारी, जेवणं झाली, मी माझ्या डबीतली बडीशेप तोंडात टाकून बसले (चांदीचा वर्ख चढवलेल्या गोळ्यांची बडीशेप, दात चारच उरले, म्हणून चघळायचं आणि गिळायचं), तर हे म्हणाले, "दोन गैरहजर आहेत."

"पुन्हा मोजा ना."

"तीनदा मोजल्या."

सुनेनं, वैशालीनं, डबा उचलून वाचला आणि तिचा चेहराच उतरला. "आई, हे लहान लेकराले द्यायचंच नाही. दोन गिळल्या तर पोटात एकमेकींले ओढतात. मधात आतडं सापडलं तर भोक पडते."

"चिनू, गोळी खाल्ली का वं तू?"

"मैंने नहीं खाई. आजी ने खाई."

"पाहा, भेवानं माझं नाव घेऊन राह्यली," मी म्हटलं. "तिले दोन केळी चारा, निघून जाईल."

"काही चारू नका. दवाखान्यात चला."

ऑटोत मी ह्यांना बोलले, की डब्याला कुलूप काहून लावलं नाही. वैशालीला बोलले, की मोबाइल पाहत बसते. ऑटोवाल्यालाही बोलले, तो उगाच सापडला. चिनू मधूनच म्हणे, "आजी ने खाई." मी डोळे पुसत म्हणे, "हौ माय, हौ."

एक्स-रेत चिनूचं पोट स्वच्छ. मी हात जोडले. डॉक्टरीणबाई मात्र खाली वाकल्या. "बेटा, गोली किसने खाई?"

"कितनी बार बोलूँ? आजी ने. अपनी डिब्बी से."

तेव्हा मला आठवलं. सकाळी चिनू खेळत असताना मी झाडत होते, तेव्हा पलंगाखाली दोन गोळ्या सापडल्या होत्या. लेकराच्या हाती लागू नयेत म्हणून मी त्या सुरक्षित जागी ठेवल्या होत्या. माझ्या बडीशेपेच्या डबीत.

हे माझ्याकडे असे पाहू लागले, जसं खाणीत दांडी मारणाऱ्याकडे पाहत असतील.

माझ्या एक्स-रेत दोघी दिसल्या, पूजेला बसलेल्या जोडप्यासारख्या चिकटून. "एका जागी आहेत हे नशीब," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढं सरकायच्या आधी काढू." घशातून दुर्बीण घालायची म्हटल्यावर मी चपला शोधू लागले. ह्यांनी चारचौघांत माझा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"भेऊ नको."

"तुम्ही काहून रडून राह्यले मग?"

"कोण रडते?"

संध्याकाळी दोन्ही गोळ्या एका वाटीत निघाल्या. ह्यांनी वाटीत पाहिलं, नाक पुसलं आणि म्हणाले, "हजर."

खेळणं त्याच दिवशी घरातून गेलं. डबी राहिली, पण वरच्या फळीवर. आता जेवण झालं की चिनू आजोबांच्या खांद्यावर चढून ती काढते, बडीशेप ताटलीत पसरते, एकेक दाणा तपासते. आणि घरातलं सगळ्यात जबाबदार माणूस समोर बसून वाट पाहतं, कधी ती म्हणते, "हाँ आजी, अब आ करो."