देशकर साहेबांचा निवडुंग

कारखान्यात किस्से भंगारासारखे साचतात. कोणाच्या कामाचे नाहीत, पण फेकवतही नाही. मी भिलाईच्या रिपेअर शॉपमधला क्लार्क. हे सगळे एकाच निवडुंगाचे.

देशकर साहेबांच्या बाई लेकीच्या बाळंतपणाले नागपूरले गेल्या. जाताना बजावलं, "हा माझ्या आईनं दिलेला हाये. मेला, तर मी नागपुरातच राहीन." साहेबांनी भिऊन कुंडी शॉपमध्ये आणली अन् कामाच्या बुकात लिहिलं, 'निवडुंगाले रोज पाणी द्यावे.'

बुकातलं काम आमच्याकडं तिन्ही शिफ्ट करतात. ए शिफ्टनं पाणी दिलं, बी नं दिलं, सी नं दिलं, सगळ्यांनी सह्या केल्या. पंधरा दिवसांत बूड सडलं. साहेबांनी बुक पाहिलं. "काम तर बरोबर झालं," म्हणाले, अन् त्या दिवशी चहालेही उठले नाहीत.

*

कोणी सुचवलं, वेल्डिंगच्या रॉड वाळवतात त्या भट्टीत ठेवू. मेश्राम वेल्डर, तिरोड्याकडचा, म्हणाला, "भाजी करून राहिले का?"

त्यानं हॅकसॉ ब्लेडनं सडकं बूड कापलं, आत हिरवं लागेपर्यंत. कापल्या जागी हळद लावली, शेंडा सावलीत सुकवला, कोरड्या रेतीत खोचला. सांगितलं, मुळं फुटेपर्यंत पाणी नाही. साहेबांनी मात्र धास्तीनं सगळ्या निवडुंगालेच हळद फासली.

*

तीन शिफ्टांले आवरायचं कसं? मेश्रामनं कुंडीले शटडाऊनचा लाल टॅग बांधला, दुरुस्तीले बंद ठेवलेल्या मशीनले बांधतात तो. नियम असा, की टॅग लावणाऱ्यानंच काढायचा. तोवर कोणी हात लावायचा नाही. कोणी लावलाही नाही.

*

महिन्याभरानं कोंब आला, म्हणजे मुळं फुटली. आता पाणी पाहिजे होतं, निवडुंग सुकून राहिला होता, अन् मेश्राम लग्नाच्या सुट्टीवर! त्यात बाईंचं पत्र आलं, रविवारी येते. मी म्हटलं, साहेब, दोन थेंब टाका, कोण पाहते?

"नियम मीच शिकवतो ना," साहेब रडवेले झाले. शेवटी मेश्रामले तार केली: टॅग काढायले ये.

*

शनिवारी मेश्राम आला. अंगभर हळद, हातात कट्यार, टोकाले लिंबू. हळदीचा नवरदेव एकटा कसा सोडावा, म्हणून सोबत म्हातारी आत्या. गेटवर शिपायानं रजिस्टरमध्ये लिहिलं, 'टूल: कट्यार एक, लिंबू एक.'

मेश्रामनं टॅग काढला, सही केली. साहेबांनी दोन चमचे पाणी घातलं.

आत्यानं पिवळ्याधम्मक निवडुंगाकडं पाहिलं, मग आपल्या भाच्याकडं.

"साहेब, याचं लगन कवा हाये?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"उद्या सकाळच्या गाडीनं वरमाय येऊन राहिली."