पंचवीस जीबी

माघात, सोमवारी, माझे यजमान गेले. तेराव्यानंतर त्यांचा लॅपटॉप उघडला, तर तो सुरू होईना.

त्यात त्यांनी जमवलेले आवाज होते. सुट्टीच्या दिवशी ते तंजावूरच्या, तिरुवैयारूच्या, ओरत्तनाडूच्या मराठी घरांत जात आणि म्हाताऱ्या बायकांना बोलते करत. आमच्या लोकांची मराठी तोंडातच राहिली आहे, देवनागरी वाचणारे थोडे. म्हणून ते लिहून घेत नसत, रेकॉर्ड करत. तेही मोठ्या फायलींत. "आवाज दाबला की हेल जातो," म्हणत. दुसरीकडे प्रत ठेवायची राहून गेली होती.

माझ्या दिरांची मुलगी संगणक शिकलेली. ती पेन ड्राइव्हवर लिनक्स घेऊन आली.

"फुकट असते ही सिस्टिम, काकू. जुन्या मशीनवरपण चालते."

"जागा किती लागते तिला?"

"पंचवीस जीबी तरी हवी म्हणतात."

तिने पेन ड्राइव्हवरूनच लॅपटॉप चालू केला आणि आत पाहिले. रिकामी जागा बारा जीबी होती.

उरलेली तेरा कुठून घेणार? तेवढ्यात पडद्यावर 'डिस्क पुसून बसवा' अशी ओळ आली, तीही आधीच निवडलेली. मी तिचे मनगट धरले.

"अय्यो काकू, विचारल्याशिवाय काही पुसत नाही ते! चोर पकडल्यासारखं काय धरलंय मला?"

तिने ती खिडकी बंद केली आणि फायलींतली एक लावली. ओरत्तनाडूच्या एक आजी आंबट वरण सांगत होत्या. मधेच अडल्या. "मग काय घालायचं?" यजमानांनी विचारले. त्यानंतर नुसता पंखा आणि जवळून त्यांचा श्वास. आजींना आठवेपर्यंत ते थांबले होते. मलाही हलवेना.

"किती वेळ नुसतं गप्पच आहे हे," ती म्हणाली. "गप्प तेवढं कापू, बाकीचं दाबून लहान करू. सिस्टिम आरामात बसेल."

"गप्प बसण्याला जागा लागते?"

"या फायलींत लागते. बोलण्याइतकीच."

"मग काही कापू नकोस."

तिने माझ्याकडे पाहिले. "सेरि, नाही कापत," एवढेच म्हणाली आणि बाजारातून नवी डिस्क घेऊन आली.

प्रत उतरू लागली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, मधेच वीज गेली तर? मी उठून पंखा बंद केला, जणू त्याने वीज टिकणार होती. दोघी घामाने निथळत पडद्यावर पुढे सरकणाऱ्या पट्टीकडे पाहत बसलो.

प्रत झाली. मग ती म्हणाली, "दहा जीबीत मावणारी एक लहान सिस्टिम आहे. ती बसवू?" "नको," मी म्हटले, "त्यांनी ठेवलंय तसंच राहू दे."

अजून पेन ड्राइव्ह लावूनच लॅपटॉप सुरू करते. नवी डिस्क कपाटात आहे. लॅपटॉपमध्ये सगळ्या फायली आहेत, आणि बारा जीबी जागा रिकामी आहे.