चार पूर्णांक दोनच्या खाली नाही

भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली. कोणी सापाला भितो, कोणी विजेला, कोणी बायकोला. पण आमचे खामगावचे साडूभाऊ ज्याला भितात, त्याला अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरं कोणी भीत नसेल. ते परगावच्या जेवणाला भितात. पाटबंधारे खात्यात नोकरीला असताना भर पुरात धरणाच्या भिंतीवरून चालत गेलेला हा माणूस. न्हाणीत निघालेला विंचू त्यांनी चपलेनं मारला आणि तीच चप्पल घालून ते भाजी आणायला गेले. पण हॉटेलातल्या वाटीभर रश्श्यापुढे त्यांचे पाय लटपटतात.

मोबाईलवर लोक हॉटेलांना तारे द्यायला लागले, तेव्हा आम्हाला वाटलं, चला, माणूस सुटला. झालं उलटंच. तोवर त्यांच्याजवळ नुसती भीती होती, आता पुरावे आले. चार पूर्णांक दोनच्या खाली रेटिंग असलेल्या हॉटेलात ते पाणीसुद्धा पीत नाहीत. बरं, आकडा फार वर गेला तरी पंचाईत. "एवढे खूश लोक असतात काय कुठी? सारे मालकाचे भाचे-पुतणे हायत," म्हणून तेही हॉटेल बाद. मग जे काही मधल्या बोटभर पट्टीत उरतं, त्याचे रिव्ह्यू ते वाचायला घेतात, आणि वाचतात ते फक्त एक तारा देणाऱ्यांचे. तेही मोठ्यानं, मयताची बातमी सांगावी तशा आवाजात. एकदा अकोल्याला आम्ही सगळे ताटावर बसलो असताना त्यांनी वाचलं, "ताकात केस निघाला." मी म्हटलं, "भाऊ, हे तीन वर्षांपूर्वीचं आहे." तर म्हणाले, "म्हनून काय झालं? गिलास तर तेच असतीन ना!" आम्ही उठलो. मालक बिचारा दारापर्यंत विचारत आला, काय चुकलं म्हणून. कोणी दिलेला थाळीचा फोटो असला तर ते दोन बोटांनी तो मोठा करत जातात, मोठा करत जातात, आणि शेवटी पडद्यावर नुसता एक पिवळा डाग उरला की आमच्यासमोर धरून विचारतात, "हे काय असंन, सांगा बरं?" त्या डागाकडे पाहून कोणाचीही भूक मरते.

ताई, म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. स्वभावानं गाय. साखरेची दुखणेकरी, सकाळी इन्सुलिन घेते. इतकी वर्षं ती या माणसाबरोबर उपाशी फिरली, पण कधी तोंडातून ब्र काढला नाही.

मागच्या हिवाळ्यात जालन्याला आमच्या एका मेहुण्याच्या मुलीचा साखरपुडा होता. मी आणि माझी बायको पिंपळगाव राजाहून माझी गाडी घेऊन निघालो, खामगावात दोघांना घेतलं. ताईनं इंजेक्शन घेतलं होतं, पण निघायच्या घाईत पोहे अर्धेच खाल्ले होते. गोळ्याबिस्किटांची पिशवीही ओट्यावरच राहिली. मेहकरात मी गाडी हळू केली, तर साडूभाऊ म्हणाले, "हे नको, तीन पूर्णांक नऊ हाय." पुढच्या हॉटेलाविषयी कोणीतरी उलटीचा उल्लेख केला होता. त्याच्या पुढच्याला एकही रिव्ह्यू नव्हता. त्यांच्या लेखी ते सगळ्यात भयंकर. "कोनीच काही लिवलं नाही म्हंजे खानारा वापसच आला नसंन," ते म्हणाले. मी आणि माझी बायको हसलो. ताईही हसली, असं मला वाटलं.

सुलतानपूर मागे पडलं आणि मोबाईलची रेंज गेली. साडूभाऊ हात खिडकीबाहेर काढून रेंज शोधत होते. तेवढ्यात मागून माझ्या बायकोचा आवाज आला, "अहो, ताईला पाहा." आरशात पाहिलं, तर ताईचं कपाळ घामानं डबडबलेलं. बाहेर गार वारा होता. ती काहीतरी बोलत होती. म्हशीचं दूध काढायचं राहिलं, असं काहीतरी. म्हैस तिच्या लहानपणी माहेरी होती.

"साखर उतरली," माझी बायको म्हणाली. "काहीतरी गोड द्या लवकर."

गाडीत पाण्याशिवाय काही नव्हतं. मी गाडी पिटाळली. दोन्ही बाजूंना नुसती तूर. साडूभाऊ मागं वळून "ओ, आवाज दे नं, आवाज दे" म्हणत होते, आणि ताईची मान पडत चालली होती. बीबीच्या अलीकडे एक टिनाचं शेड दिसलं. पाटी नाही, नाव नाही, दारात एक म्हातारा उघड्या अंगानं भजी तळत होता. मी ब्रेक लावला आणि सवयीनं साडूभाऊंकडे पाहिलं. त्यांच्या हातात मोबाईल होता आणि चेहरा पांढराफटक पडला होता. क्षणभर ते हललेच नाहीत. मग दार उघडून असे पळाले की एक चप्पल रस्त्यातच राहिली.

"साखर! साखर द्या!" म्हणत त्यांनी म्हाताऱ्याच्या डब्यात सरळ हात घातला.

"अवो साहेब, चमचा हाय ना!" म्हातारा ओरडला. पण साडूभाऊ मूठ भरून गाडीशी आलेही होते. त्याच हातानं त्यांनी ताईच्या ओठांत साखर चारली. ती चघळत होती, गिळत होती. म्हाताऱ्यानं मागोमाग गोड चहा आणला. कपाचा कान तुटका होता. साडूभाऊंनी तो कप स्वतः धरला.

हळूहळू ताईच्या डोळ्यांत ओळख आली. तिनं शेडकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि घाबरून नवऱ्याला विचारलं, "अवो, हे कोनतं हॉटेल? तुमी मोबाईलमंदी पाह्यलं का?"

साडूभाऊंनी कप माझ्या बायकोच्या हाती दिला. ते जाऊन बाकड्यावर बसले. मी शेजारी बसलो. त्यांचे हात साखरेनं चिकट झाले होते. मग ते हळूच बोलले. पोरगी लहान असताना एका सहलीत त्यांनीच एक ढाबा निवडला होता. ट्रक पुष्कळ उभे होते, म्हणून चांगला असेल असं वाटलं. दुसऱ्या दिवशी पोरीचे डोळे खोल गेले, सरकारी दवाखान्यात तिला सलाईनसाठी शीर सापडेना. "वाचली हो ती," ते म्हणाले, "आता पुन्यात रस्त्यावर पानीपुरी खात फिरते, तिले काही आठवतही नाही. पन भाऊ, निवडलं होतं म्याच. म्हनून वाटते, दुसऱ्या कोनी निवडून द्यावं. हजार लोकायनं सांगावं, हे खा म्हनून."

म्हाताऱ्यानं गरम भाकर आणि पिठलं आणलं. ताई पोटभर जेवली. पुढं जालन्यापर्यंत साडूभाऊ दर थोड्या वेळानं तिच्या कपाळाला हात लावून पाहत होते.

तिला काही झालं नाही. त्यांची भीती मात्र गेली नाही, फक्त तिनं जागा बदलली. हॉटेलाबाहेर मोबाईल काढणं त्यांनी सोडलं आहे. आता दिसेल तिथं थांबतात. पण ताट आलं की कोणाला हात लावू देत नाहीत. प्रत्येक वाटीतलं आधी स्वतः खातात, पाणी पितात, आणि पोटावर हात ठेवून डोळे मिटून बसून राहतात. परवा चिखलीत मी विचारलं, "भाऊ, तुम्हालाच काही झालं म्हणजे?"

"मले झालं तं झालं," ते डोळे न उघडता म्हणाले. "तिले नाही झालं पाह्यजे."

भाकरी कडक होते, भाजीवरचं तेल थिजतं. ताई पदराखाली हात घेऊन बसलेली असते, वाट पाहत. थंड जेवण तिला आवडत नाही. पण अलीकडे तीही घाई करत नाही.