रांजण आणि दर्याचं गवत

त्या संध्याकाळी मी आणि माझी बायको अंगणात बसून तिच्या हातांना दर्याचं गवत बांधत होतो. दोघांनी मिळून केलेलं आमचं शेवटचं काम तेच.

ती कोकणातली. हैद्राबादला आली आणि हातांवर खवले धरायला लागले, भेगांतनं रक्त यायचं. कोठी भागातल्या डॉक्टरनं सांगितलं, हा रोग लागत नाही. पण माझ्या वहिनीला ते पटलं नाही. पिण्याच्या रांजणाला हिनं शिवायचं नाही, हिचा तांब्या वेगळा, मोरीपाशी पालथा. मी भांडलो की वहिनी म्हणायची, "हात साफ होऊ द्या भावजी, मग रांजण तिचाच." भाऊ ऐकून गप्प.

गवत तिची आई पाठवायची. ओहोटीला खडकावरनं वरचं वर कापायची, बूड राखायची. पुढल्या साली दुसरा खडक. गोड्या पाण्यात धुवायची, सावलीत वाळवायची. निजामाच्या सरहद्दीवर नाके बंद झाले तशी पुडकी थांबली. अफझलगंजच्या जडीबुटीवाल्या अत्ताराला विचारलं तर हसला, "काई होना? हुसेनसागर में पडीच है, जाके ले लेव." ती म्हणाली, तलावातलं घाण शेवाळ मी हाताला लावणार नाही. पोलीस ॲक्शन झाली, रस्ते उघडले, पुडकं आलं. कोमट पाण्यात भिजलं की ते बुळबुळीत व्हायचं. रोज बांधलं, खवले गळाले.

त्या संध्याकाळी वहिनी सैपाकघरातनं म्हणाली, "आज मासळी बाजार कुठं भरलाय?"

"मासळी नाही जाऊबाई, गवत आहे," ही म्हणाली. "तुमच्या आमटीत टाकू का चिमूटभर?"

मला हसू आवरेना. मग पट्टी सोडून तिनं हात कंदिलाजवळ धरले. एका बोटावर थोडं उरलं होतं, बस्.

"अहो, उद्या रांजण मी भरीन."

"हौ, भर. मी बघत उभा राहीन."

त्याच रात्री तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली.

सकाळी अंघोळ घालायला वहिनीनं शेजारणींना बोलावलं, आपण लांब उभी राहिली. वर मला सांगते, "पाणी नळाचं घ्या भावजी. रांजण नको."

मी मोरीपाशी गेलो, हिचा तांब्या उचलला आणि कोपरापर्यंत हात घालून रांजणात बुडवला. वहिनीपुढे धरला.

"हात साफ झालेत तिचे. बोल तुमचाच होता. थोरली जाऊ तुम्ही, अंघोळ तुम्हीच घालायची. आधी तिचे हात चोळा."

वहिनीनं भावाकडं बघितलं. भाऊ नेहमीसारखा गप्प. आजवर त्याचं गप्प बसणं मला एवढं कधी आवडलं नव्हतं.

तिनं तांब्या घेतला. बायकांनी आडोसा धरला. मी बाहेरनं तोच तांब्या भरून भरून आत देत राहिलो, रांजणाचा तळ दिसेपर्यंत.